उत्तरेच्या भिंतीमागचे सत्तर किलो

रोस्विटा उलिगला आमच्या संस्थेत नोकरी मिळाली ती तिच्या बोटांमुळे. शिक्षण आठवीपर्यंत, पदार्थविज्ञानाचा गंध नाही. पण आमच्या डोंगरातल्या बायका लाकडी रिळांवर लेस विणतात, त्या विणकामात तिचा हात धरणारं आसपासच्या पाच गावांत कुणी नव्हतं. डॉक्टर हाउबोल्डना केसाहून बारीक धातूची तार न तोडता टांगणारं माणूस हवं होतं. संस्थेतल्या तीन शिकलेल्या माणसांनी मिळून अकरा तारा तोडल्या होत्या. त्यातल्या पाच माझ्या. मी गॉटहोल्ड वाइगेल्ट, संस्थेच्या वर्कशॉपमधला मेकॅनिक. लोखंड म्हणाल तसं वळवून देईन, पण ती तार बघितली की माझ्या बोटांना घाम फुटायचा. रोस्विटा आली, एप्रन बांधला, खिडकी बंद करायला सांगितली आणि पहिल्याच खेपेला तार टांगून मोकळी झाली.

"झालं?" हाउबोल्डनी विचारलं.

"झालं. आता तुम्ही श्वास घेतला तरी चालेल, डॉक्टरसाहेब."

ही गोष्ट एकोणीसशे त्रेपन्नची. तेव्हा ती एकोणचाळीस वर्षांची होती. नवरा कोनराड लढाईत गेला तो परत आलाच नाही. मेल्याची चिठ्ठी नाही, जिवंत असल्याचं पत्र नाही. मूलबाळ नव्हतं. गावात ती फारशी कुणात मिसळायची नाही, पण तोंड उघडलं की समोरचा गप्प व्हायचा.

त्या तारेला एक आडवी दांडी लटकत होती. दांडीच्या एका टोकाला तांब्याची गोळी, दुसऱ्याला तेवढ्याच वजनाची शिशाची, आणि मधे नखाएवढा आरसा. आरशावर उजेडाची एक तिरीप पडायची आणि परतून फोटोच्या कागदावर जायची. कागद घड्याळाच्या यंत्रावर सावकाश फिरायचा. दांडी मुंगीच्या पायाएवढी जरी वळली, तरी कागदावरची रेघ सरकायची. याला आम्ही नुसतं 'तराजू' म्हणायचो. हाउबोल्डना बघायचं होतं की सूर्य तांब्याला आणि शिशाला सारखंच ओढतो की नाही. सारखं ओढत असेल तर रेघ सरळ. नसेल तर दिवसातून एकदा, पृथ्वी फिरेल तशी, रेघ उठणार. आजवर ज्यांनी ज्यांनी मोजलं त्यांना ती सरळच दिसली होती. हाउबोल्डचं म्हणणं, त्यांनी पुरेशा शांत जागी मोजलं नाही.

शांत जागा आमच्याकडे होती. 'उशिराची आशा' नावाची चांदीची खाण दीडशे वर्षांपूर्वी बंद पडली होती. तिचा एक आडवा बोगदा डोंगरात तीनशे मीटर सरळ आत जायचा. तिथं उन्हाळा नाही, हिवाळा नाही, गाड्यांचा धक्का नाही. बोगद्याच्या तोंडाशी इतर लोकांची यंत्रं होती; कुणी आकाशातून येणारे कण मोजायचं, कुणी राखेतला किरणोत्सार. अगदी शेवटच्या खोलीत, शिशाच्या दारामागं, तराजू. वीस मीटर अलीकडे, आडोशाला, रोस्विटाचं टेबल, लाल दिवा आणि कागद धुवायचे ट्रे.

तराजू इतका हळवा होता की त्याला माणूस कळायचा. शरीराचं वजनच दांडीला आपल्याकडे ओढायचं. म्हणून सुरुवातीला रोस्विटानं जमिनीवर खडूच्या खुणा केल्या आणि आम्हाला एकेकाला तासतासभर उभं केलं. इतक्या किलोचा माणूस इतक्या अंतरावर उभा राहिला की रेघ किती सरकते, हे तिनं वहीत लिहून ठेवलं.

"वाइगेल्ट, सरळ उभे राहा. तुमचं पोट तुमच्याआधी पोचतंय."

"चौऱ्याण्णव किलो आहे, रोस्विटाबाई. हाडं जड आहेत माझी."

"तराजूला हाडं आणि बटाटे यातला फरक कळत नाही. दोन्ही त्याला सारखीच ओढतात."

एकदा हाउबोल्ड रविवारी कुणाला न सांगता आत जाऊन आले. सोमवारी तिनं कागद धुतला आणि म्हणाली, "काल तीन वाजता एक माणूस आला होता, सुमारे ब्याऐंशी किलो, डाव्या बाजूला दहा मिनिटं उभा होता, मग उजवीकडे गेला." हाउबोल्ड कानापर्यंत लाल झाले. त्या दिवसापासून तिचा कागद खोटं बोलत नाही, हे आम्ही सगळ्यांनी मान्य केलं.

पाच वर्षं रेघ सरळ चालली.

अठ्ठावन्न सालच्या सप्टेंबरात, एका मंगळवारी, मी तिच्या टेबलापाशी कॉफी घेऊन बसलो होतो. जव भाजून केलेली कॉफी, खरी कॉफी तेव्हा सणालाच. ती ट्रेमध्ये कागद हलवत होती. लाल उजेडात पांढऱ्या कागदावर काळी रेघ हळूहळू वर येते, ते बघायला मला नेहमी आवडायचं. त्या दिवशी रेघ वर आली आणि रोस्विटाचा हात थांबला.

"काल दहा वीसला आत कोण गेलं होतं?"

"कुणी नाही. मी इथंच होतो की."

तिनं कागद दिव्यापाशी धरला. सरळ रेघ अलगद उत्तरेकडे झुकली होती, चाळीस मिनिटं तशीच राहिली होती आणि अकराला परत सरळ झाली होती. तिनं वही काढली, आकडे ताडून पाहिले, पुन्हा पाहिले.

"सत्तर किलो," ती म्हणाली. "दांडीपासून दीड मीटरवर. उत्तरेला."

"बरं मग?"

"वाइगेल्ट, उत्तरेची भिंत दांडीपासून एक मीटरवर आहे."

म्हणजे जो कुणी उभा होता, तो खडकात उभा होता.

दुसऱ्या दिवशी दहा वीसला रेघ पुन्हा झुकली. अकराला परत. तिसऱ्या दिवशीही. रविवारी नाही. सोमवारी पुन्हा, त्याच मिनिटाला.

मी खाणीचा राखणदार ट्राउगॉट हुंगर याला बोलावलं. सत्तरीचा म्हातारा, बाप-आजा खाणीत गेलेले, स्वतःही चाळीस वर्षं जमिनीखाली काढलेली. त्यानं जुने नकाशे पसरले. उत्तरेला काही नव्हतं. बोगदा नाही, विहीर नाही, नुसता खडक. मग त्यानं भिंतीला कान लावला आणि बराच वेळ तसाच उभा राहिला.

"काय ऐकू येतंय, ट्राउगॉटकाका?" मी विचारलं.

"काही नाही."

"मग तोंड असं का केलंत?"

"अरे, खडकाला कान लावला की नेहमी काहीतरी ऐकू येतं," तो म्हणाला. "इथं काहीच येत नाहीये. पलीकडून कुणी कान लावून बसल्यासारखं."

ही बातमी गावात पोचायला वेळ लागला नाही. बेकरीत, चर्चच्या पायऱ्यांवर, सगळीकडे तीच चर्चा. बेकरीवालीनं एकदा पावाबरोबर रोस्विटाच्या हातात तेही ठेवलं.

"अगं, तुझा कोनराडच असेल गं. वाट चुकून डोंगरातून येतोय बिचारा."

दुकानातल्या दोघी-तिघी हसल्या. रोस्विटानं पाव पिशवीत घातला.

"कोनराड नव्वद किलोचा होता," ती म्हणाली. "हा सत्तरचा आहे."

परत येताना मी तिच्याबरोबर होतो. पुलावर थांबली आणि पाण्याकडे बघत हळूच म्हणाली, "तशी कैदेत माणसं वीस किलो सहज उतरतात." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "हे कुठं बोलायचं नाही हं, वाइगेल्ट." मी आजवर बोललो नव्हतो.

हाउबोल्डना मात्र आनंद झाला होता. दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी रेघ उठते, याचा अर्थ त्यांच्या लेखी एकच: सूर्य तांब्याला आणि शिशाला वेगवेगळं ओढतो. आयुष्यभर जे शोधत होते ते सापडलं. ते रात्रंदिवस लिहीत बसले. माणूस वाईट नव्हता. पण बावन्न वर्षांचा होता, बरोबरीचे लोक मोठमोठ्या जागी पोचले होते, आणि हा अजून बोगद्यात.

"डॉक्टरसाहेब, रविवारी रेघ उठत नाही," रोस्विटा म्हणाली.

"रविवारचा गोंधळ काढता येईल. कागद बदलताना काही होत असेल."

"रविवारी कागद मी बदलत नाही. आणि सूर्य रविवारी सुट्टी घेत नाही."

"मग तुमचं म्हणणं काय, उलिगबाई? खडकात माणूस उभा आहे?"

"माझं काही म्हणणं नाही. कागद म्हणतोय ते सांगतेय. तिकडे काहीतरी येतं, थांबतं आणि जातं."

"काहीतरी म्हणजे काय?"

"ते शोधायला तुम्हाला डॉक्टर केलंय ना?"

तिला मी घाबरलेली कधी पाहिली नाही. पण नोव्हेंबरपासून तिची एक सवय बदलली. आधी ती टेबलाशी उत्तरेकडे पाठ करून बसायची, कारण दिवा तसा होता. तिनं मला दिव्याची खुंटी हलवायला लावली आणि टेबल फिरवून घेतलं. दहा वीस झाले की हातातलं काम ठेवायची. अकरा वाजले की पुन्हा सुरू करायची. मी एकदा तिथं होतो तेव्हा मलाही आपोआप गप्प बसावंसं वाटलं. चाळीस मिनिटं आम्ही दोघं वीस मीटरवरच्या बंद दाराकडे बघत बसलो होतो. जमिनीलगतच्या नालीतून पाणी झुळझुळत बाहेर जात होतं, तेवढाच आवाज. अकरा वाजले तेव्हा तिनं श्वास सोडला आणि मी पण. कुणी काहीच केलं नव्हतं, तरी माझा शर्ट पाठीला चिकटला होता.

नाताळला ती सुट्टीवर जाण्याआधी आठ दिवस पुरेल एवढा लांब कागद लावून गेली. जानेवारीत तो धुतला आणि गुंडाळून ठेवला. त्या वेळी त्याच्याकडे कुणी फार बघितलं नाही, कारण जानेवारीतच नवं काहीतरी सुरू झालं.

रेघ अकराला परत यायची, पण पूर्ण परत येईना. रोज थोडी उत्तरेलाच राहायची. दुसऱ्या दिवशी तिथून पुढे सरकायची. रोस्विटा वहीत लिहायची आणि मला सांगायची. तिच्याकडे दुसरी मापं नव्हती, म्हणून ती माणसांतच मोजायची.

"आज दोघं आहेत."

मग फेब्रुवारीच्या सुरुवातीला, "आज चौघं." आणि महिना संपताना: "वाइगेल्ट, आता जातच नाहीत. अकरा होऊन गेले, बारा झाले. अकरा जण आहेत आणि सगळे थांबलेत."

मी हसायचा प्रयत्न केला. "जेवायला थांबले असतील."

ती हसली नाही.

हाउबोल्डनी मार्चच्या दुसऱ्या बुधवारी राजधानीतून आठ विद्वान बोलावले होते. ते तराजू बघणार, कागद बघणार आणि शोधावर शिक्कामोर्तब करणार. त्या आधीच्या शनिवारी ट्राउगॉटकाका माझ्या वर्कशॉपच्या दारात येऊन उभा राहिला. टोपी हातात होती. आत ये म्हटलं तरी येईना.

"नाली कोरडी झालीये," तो म्हणाला.

"कुठली नाली?"

"बोगद्यातली. दीडशे वर्षं वाहत होती. माझ्या आजाच्या वेळीही वाहत होती. आज सकाळी आत गेलो तर आवाज नाही. मला वाटलं मी बहिरा झालो."

"थंडीनं गोठली असेल."

"आत कधी गोठतं का रे?" तो चिडला. "ऐक, गॉटहोल्ड. खाणीत पाणी बोलायचं थांबलं की माणसानं बोलायला लागायचं असतं. म्हणून आलोय."

आम्ही दोघं रोस्विटाकडे गेलो. ती घरी बटाटे सोलत होती. ट्राउगॉटनं सांगितलं ते तिनं सुरी न ठेवता ऐकलं. मग सुरी ठेवली.

"पाणी," ती म्हणाली. "एवढं साधं. सहा महिने मी माणसं मोजत बसले."

तिनं वही आणली आणि टेबलावरची सालं बाजूला सारून हिशेब मांडला. दीड मीटरवर उभा असलेला सत्तर किलोचा माणूस आणि पाच मीटरवरचं अडीच टन पाणी, तराजूला दोन्ही सारखंच. भिंतीमागं नकाशात नसलेली पोकळी असणार. तिच्यात पाणी येत असणार, ठरावीक उंचीला पोचलं की एखाद्या वाकड्या फटीतून एकदम उतरून नालीत जात असणार. आता ती फट बुजली होती. पाणी येत होतं आणि जायला वाट नव्हती. अकरा माणसं म्हणजे जवळपास तीस टन, आणि ते वर चढत होतं.

"भिंत किती जाड आहे?" तिनं विचारलं.

"कुणाला माहीत?" ट्राउगॉट म्हणाला. "नकाशात ती डोंगराएवढी जाड आहे."

हाउबोल्डनी ऐकून घेतलं नाही. खरं तर ऐकलं, चेहरा पांढरा पडला, आणि मग ऐकलं नाही. पाणी मान्य केलं की शोध गेला. "बुधवार होऊ द्या," एवढंच म्हणाले. "गुरुवारी आपण भिंतीला भोक पाडून बघू."

मंगळवारी संध्याकाळी रोस्विटानं कागदांच्या सगळ्या गुंडाळ्या हातगाडीवर घालून बाहेर आणल्या. बुधवारी सकाळी आठ विद्वान हेल्मेट घालून बोगद्याशी पोचले, तेव्हा लोखंडी दाराला तिच्या सायकलचं कुलूप होतं आणि किल्ली तिच्या एप्रनच्या खिशात. थंडी मी म्हणत होती. ट्राउगॉट तिच्या शेजारी, खाणकामगारांचा सणाचा काळा पोशाख घालून उभा.

"उलिगबाई, दार उघडा," हाउबोल्ड म्हणाले.

"नाही उघडणार."

"तुम्हाला समजतंय ना, तुम्ही काय करताय? ही माणसं तीनशे किलोमीटरवरून आलीत!"

"म्हणूनच. आत मेली तर परत न्यायला लांब पडेल."

एक विद्वान हसला. बाकीचे हसले नाहीत. अर्धा तास आरडाओरडा झाला. कुणीतरी म्हणालं, पाय गोठले. शेवटी सगळे खानावळीत गेले, मटणाचा रस्सा प्यायले आणि दुपारच्या गाडीनं परत गेले. दिवसभर डोंगरात काहीच झालं नाही. संध्याकाळी हाउबोल्डनी रोस्विटाला कामावरून काढल्याचं पत्र दिलं आणि मला बोलावून सांगितलं, "सकाळी कुलूप तोडा. भिंतीला भोक पाडायची तयारी करा."

गुरुवारी पावणेदहाला मी कुलूप तोडलं. ट्राउगॉट म्हणाला, "मी पुढं चालतो. तू पावलं मोजत मागं ये, आणि मी वळलो की विचारू नकोस, पळ." त्याच्या हातात जुना उघड्या ज्योतीचा दिवा होता. माझ्याकडे विजेचा होता, पण तो म्हणाला, विजेला वारा कळत नाही.

आत आमच्या पावलांशिवाय आवाज नव्हता. पाच वर्षं मी त्या वाटेनं गेलो होतो. नालीचा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता असं वाटायचं, आणि आता तो नसल्यावर दुसरं काही ऐकू येत नव्हतं. शंभर पावलं झाली. एकशे दहा. ट्राउगॉट थांबला. दिव्याची ज्योत सरळ होती. मग ती आमच्याकडे वाकली. फुंकर मारल्यासारखी नाही, सावकाश. कुणी दाराआडून बघायला मान पुढं काढावी तशी. आत, दोनशे मीटरवर, सगळं बंद होतं. वारा यायला जागाच नव्हती.

मी घड्याळ पाहिलं नाही, पण कुठूनतरी लांबून दारावर एकदा थाप पडल्यासारखा आवाज आला. एकच. ट्राउगॉट वळला.

मी पळालो. चौऱ्याण्णव किलो कधी इतके हलके झाले नव्हते. मागून वारा पाठीवर हात ठेवून ढकलत होता, कान बंद झाले होते, तोंडात माती. दाराबाहेर पडलो तर रोस्विटा तिथं होती, तिनं ट्राउगॉटला बाहीला धरून उताराच्या बाजूला ओढलं आणि मला ओरडली, "वर! वर चढा!" आम्ही गवताला धरून वर चढलो आणि पाणी आलं. तांबडं, कमरेएवढं, टेबलं, दिवे, शिशाचं दार, सगळं घेऊन. वीस मिनिटं वाहिलं. मग नालीतून झुळझुळ पाणी येऊ लागलं, जसं काही झालंच नव्हतं.

ट्राउगॉटनं टोपी काढली. रोस्विटानं मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

"किती वाजले?" मी विचारलं.

"विचारू नका," ती म्हणाली.

तराजूतलं काही उरलं नाही. तार तर नाहीच. दोन आठवड्यांनी गाळ काढून आम्ही आत गेलो. भिंत ऐंशी सेंटिमीटरची निघाली. पलीकडे छिन्नीनं खोदलेली खोली होती, तीनशे वर्षं जुनी, कुठल्या नकाशात नाही. तिला दार नव्हतं. जिकडून खोदत आले असतील तो भाग केव्हाच ढासळून बंद झाला होता. वर एक अरुंद फट होती, तिच्यातून पाणी यायचं. छातीच्या उंचीवर भिंतीत एक कोनाडा होता, पाण्याच्या खुणेच्या वर, कोरडा. त्यात लाकडी तळाच्या बुटांचा जोड ठेवलेला होता. नीट, एकमेकांना चिकटून, टाचा आपल्याकडे, टोकं भिंतीकडे.

हाडं नव्हती. आम्ही गाळ चाळणीतून काढला. काहीच नव्हतं.

"बूट काढून कुठं गेला असेल?" मी विचारलं.

ट्राउगॉटनं बुटांना हात लावू दिला नाही. "घरी," एवढंच म्हणाला. आम्ही ते तसेच ठेवले.

पाण्याचा उलगडा उन्हाळ्यात झाला. डोंगराच्या वरच्या अंगाला पुठ्ठ्याची गिरणी होती. तिनं आदल्या सप्टेंबरात तळ्याला नवी झडप बसवली होती आणि रोज सकाळी कामाच्या दिवशी तळ्यातलं पाणी सोडायला सुरुवात केली होती. ते पाणी जुन्या फटींमधून झिरपत दहा वीसला खोलीत पोचायचं. रविवारी गिरणी बंद. सगळं जुळलं. हाउबोल्ड स्वतः रोस्विटाच्या घरी आले, दारात उभं राहून म्हणाले, "उलिगबाई, ते पत्र मला परत द्या."

"चुलीत गेलं," ती म्हणाली. "या आत. बटाटे आणि जवसाचं तेल आहे. चालेल ना?"

ते आत गेले आणि तिच्या स्वयंपाकघरात रडले, असं तिनं मला सांगितलं. हसत नाही सांगितलं.

त्या हिवाळ्यात दोघांनी मिळून अहवाल लिहिला. तिनं सगळ्या गुंडाळ्या पुन्हा उलगडल्या, एकेक दिवस गिरणीच्या नोंदीशी ताडला. तेव्हा तिला नाताळचा कागद सापडला. नाताळचे आठ दिवस गिरणी बंद होती, तळं दुरुस्तीसाठी रिकामं केलं होतं, तळ गोठलेला. पाणी येणं शक्यच नव्हतं. पंचवीस तारखेला रेघ सरळ होती. रविवारी सरळ होती. बाकी सहा दिवस ती दहा वीसला उठली होती आणि अकराला बसली होती. सत्तर किलो, दीड मीटर.

"राहिलेलं पाणी झिरपत असेल," हाउबोल्ड म्हणाले.

"असेल," ती म्हणाली. "पण मग ते नाताळला का थांबलं, तेही लिहा."

त्यांनी लिहिलं नाही. मग तिनं स्वतः एक ओळ लिहिली: या सहा दिवसांचं कारण आम्हाला सापडलं नाही. छापणाऱ्यांनी ती ओळ कापली. हाउबोल्डनी मात्र पहिल्या पानावर आपल्या नावाच्या आधी तिचं नाव घातलं, तेव्हा आमच्या देशात लेस विणणाऱ्या बाईचं नाव अशा कागदावर पहिल्यांदाच आलं असेल.

पुढं संस्थेला दुसऱ्या डोंगरात जागा मिळाली. नव्या तराजूची तार रोस्विटानंच टांगली आणि निवृत्त होईपर्यंत ती तिथं राहिली. नव्या जागेची रेघ बावीस वर्षं सरळ होती. तांबं आणि शिसं सारखंच ओढलं जातं, जगात सगळीकडे. पण तिथंही तिनं टेबल भिंतीकडे तोंड करून लावून घेतलं.

'उशिराची आशा' बुजवायचं ठरलं ते चौसष्टमध्ये. गवंडी बोगद्याच्या तोंडाशी विटांची भिंत बांधत होते. ट्राउगॉटकाका वारला होता. रोस्विटा आणि मी बघायला गेलो. भिंत जवळजवळ पूर्ण होत आली तेव्हा ती पुढं गेली आणि गवंड्याला म्हणाली, "वर एक वीट सोडा."

"कशाला, बाई?"

"वटवाघळं आहेत आत. त्यांना जायला-यायला लागतं."

गवंड्यानं खांदे उडवले आणि वीट सोडली. त्या बोगद्यात मी इतकी वर्षं काम केलं. वटवाघूळ एक पाहिलं नाही. मी तिच्याकडे बघितलं, तिनं स्कार्फ घट्ट केला आणि म्हणाली, "चला, वाइगेल्ट. थंडी वाजतेय. पाव संपायच्या आत बेकरीत पोचायला हवं."